जड बाण

सकाळपासून लोक बाण परत आणून टाकत होते.

भांडायला आले असते तर बरं झालं असतं. पण कुणी तोंडच उघडत नव्हतं. फाटक ढकलायचं, पायरीवर मूठभर बाण टाकायचे आणि पाठ फिरवायची. एकानं तर बाहेरूनच फेकले. दोनतीन बाण कोंबड्यांच्या घोळक्यात पडले आणि कोंबड्या कलकलाट करत भिंतीवर चढल्या. सून दाराआड उभी होती. पायरीवर काड्या पडल्याचा आवाज झाला की ती फटीतून किती पडल्या ते मोजायची.

बाण करणाऱ्यांचं गावात हे एकच घर. सासऱ्याचा बाप बाण करायचा, मग सासरा करत आला, आणि तीन वर्षांपूर्वी त्याच्या मनगटाला कंप सुटला तेव्हापासून रंधा सुनेच्या हातात आला. नवरा नेमबाज चांगला. पण काडी तासायला बसवला की घटकाभरात त्याला तहान लागायची, मग बाहेरून कुणीतरी हाक मारायचं, मग तो दिसेनासा व्हायचा. "माझं काम बाण सोडायचं, करायचं नाही," असं तोच हसत सांगायचा. बाहेर मात्र बाण म्हाताऱ्याचेच म्हणून जायचे. सुनेनं केलेत म्हटलं असतं तर घेणाऱ्यानं दहादा उलटेपालटे करून पाहिले असते.

झालं होतं ते असं. महिनाभर मक्यात एक रानडुक्कर शिरत होतं. एकटंच, जुनं, वासराएवढं. खायचं कमी आणि लोळवायचं जास्त. कचेरीनं ते मारायची परवानगी दिली ती पंधरा दिवसांची, आणि तीही धनुष्यबाणानं. घरं जवळ असल्यामुळं बंदूक नाही. परवा पहाटे मुकादमाचा धाकटा भाऊ बांधावर बसला. डुक्कर पंचवीस पावलांवर आलं. त्यानं बाण सोडला तो नेमका खांद्यावर लागला. पण जुन्या डुकराच्या खांद्यावर वाळलेल्या चिखलाची आणि जाड कातड्याची ढाल असते. दगडावर काठी आपटावी तसा बाण तिच्यावरून उडाला. डुकरानं मान वळवली आणि सरळ त्याच्यावर आलं. गुडघ्यापासून वर मांडीपर्यंत सुळा फाडत गेला.

दुपारी मुकादम स्वतः आला. हातात तोच बाण होता.

"ओळखता?"

सासरा खाटेवर बसला होता. त्यानं बाण घेतला, दोन बोटांवर तोलला. बाण थरथरत होता, पण तो मनगटामुळं.

"माझ्या घरचा आहे."

"पातं बघा. धार तशीच आहे. म्हणजे हाड लांबच राहिलं, आत शिरलाच नाही." मुकादमाचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर ऐकायला सोपं गेलं असतं. "पाय राहील म्हणतात डॉक्टर. चालेल का, ते सांगत नाहीत. ही काडी आहे का खराट्याची हीर?"

"चूक माझी," सासरा म्हणाला. "काडी कोवळी लागली. हात पूर्वीसारखा चालत नाही आता."

सुनेचा हात चौकटीवर होता तो तिथंच चिकटून राहिला. काडी तिची होती. वाळायला अजून दोन महिने हवे होते. मागणी होती म्हणून तिनं ती जुडी चुलीच्या उबेला धरून वाळवली होती. काड्या पिसासारख्या हलक्या निघाल्या तेव्हा उलट तिला बरंच वाटलं होतं. हलका बाण लांब जातो. पुढं होऊन एक वाक्य बोलायचं होतं. ती दाराआड आणखी मागं सरकली.

"दहा दिवस मुदत उरलीय," मुकादम म्हणाला. "डुक्कर थांबलेलं नाही. आता बांधावर तुमच्या घरचा माणूस बसेल, तुमचाच बाण घेऊन. नाहीतर आजपासून या फाटकात गावातला कुत्राही पाय ठेवणार नाही."

नवरा नुकताच आत येत होता. खांद्यावर सरपणाची मोळी तशीच होती.

"मी बसतो की," तो म्हणाला. जणू कुणी दूध आणायला सांगितलं होतं.

मुकादम गेल्यावर सून बाहेर आली. "मामंजी, तुम्ही असं का बोललात? तुम्हाला ठाऊक आहे काडी कुणाची होती."

"घरातला बाण तो घराचा."

"पण..."

"बोलून बाण जड होत नाही," सासरा म्हणाला. "वजन घाल त्यात. उद्यापासून."

कामाची जागा म्हणजे घराला लागून काढलेली पत्र्याची पडवी. लांब बाक, बाकाला खाच पाडलेली फळी, तिच्यात काडी बसवून रंधा मारायचा. भिंतीला पिसांच्या जुड्या, खाली भुसा. सुनेनं आधी सोपी वाट धरली. काड्या त्याच, पातं तेवढं जड. त्यासाठी लोहाराकडं गेली.

लोहारानं भात्यावरून नजर न काढता विचारलं, "कशाला हवंय? डुकराला गुदगुल्या करायला?"

तिथं बसलेले दोघं हसले. सून उभी राहिली. दुप्पट वजनाचं पातं हवं, पुढं निमुळतं, कडा जाड, असं तिनं सांगितलं, आणि पाती तयार होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. बसायला कुणी पाट सरकवला नाही.

संध्याकाळी नवऱ्यानं परसातल्या पेंढ्याच्या भाऱ्यावर पहिला बाण सोडला. बाण मासोळीसारखा वळवळत गेला आणि भाऱ्यात आडवा घुसला. दुसराही तसाच. तिसऱ्याला धनुष्याजवळच कड् असा आवाज झाला. काडी मधोमध फुटली आणि बोटभर लांबीची ढलपी नवऱ्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्याखाली शिरली.

त्यानं हात झटकला. "अगं, डुकराआधी मलाच मारतेस की काय?"

तिला हसू आलं नाही. दिव्याजवळ बसून ती सुईनं ढलपी काढत होती. तेव्हा सासरा काठी टेकत आला, फुटलेली काडी उचलून त्यानं बाकाच्या कडेला लावली आणि अंगठ्यानं दाबली.

"बघ कशी वाकते. डोक्यावर हंडा दिलास, पण कंबर तीच ठेवलीस. सुटताना मागून दोरीचा धक्का बसतो, पुढं वजन अडून राहतं, मग मधे कंबरडं मोडणारच. आधी काडी ताठ हवी. मग वजन."

"मग तुम्ही कधी जड बाण का नाही केलेत?"

"आम्ही सशाचे, पाखरांचे बाण केले. वाऱ्यासारखे. माझ्या बापाला जड बाण आवडायचा नाही. गाढवाला शर्यतीत उतरवल्यासारखं वाटतं म्हणायचा." त्यानं काडी बाकावर टाकली. "त्याच्या आयुष्यात असलं डुक्कर आलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. गोठ्याच्या मागं मोडक्या गाडीचा दांडा पडून होता, वर्षानुवर्षं वाळलेला, काळपट, नखाला दाद न देणारा. तो चिरायला नवऱ्यालाच बसवलं. या वेळी त्याला तहान लागली नाही. दोघं दोन बाजूंनी करवत ओढत होते. काळा भुसा नाकातोंडात जात होता, मधूनमधून जुना खिळा लागला की करवत किंचाळायची आणि पडवीत सासरा डोळे मिटून घ्यायचा.

सगळा बाण त्या लाकडाचा केला असता तर उचलेना झाला असता. सुनेनं जुन्या, मुरलेल्या काड्यांतल्या जाड आणि ताठ तेवढ्या वेचून घेतल्या. प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला करवतीनं वीतभर खोल चीर दिली. काळ्या लाकडाचा तुकडा मागून पाचरीसारखा निमुळता केला, सरस लावून त्या चिरेत बसवला, सुतळीनं करकचून बांधून ठेवला. वाळल्यावर रंधा मारला की कुठं एक लाकूड संपतं आणि दुसरं सुरू होतं ते बोटाला कळत नव्हतं, डोळ्यालाच दिसायचं. त्याच्यापुढं पितळेचं कडं. मोडक्या नळाची तोटी कापून तिनं कडी पाडली, ठोकून बसवली, आणि त्याच्यापुढं लोहाराचं पातं. तिच्या बोटांची टोकं सरसानं कडक झाली. तव्यावरची भाकरी उलटताना चटका लागला तरी कळेना.

वजनाला तिनं औषधं विकणाऱ्याकडचा लहान तराजू मागून आणला होता. एका पारड्यात जुने दोन बाण आडवे ठेवले, दुसऱ्यात नवा एक. काटा जरा हलला आणि मधोमध उभा राहिला. सासऱ्यानं खाली वाकून पाहिलं आणि मान डोलावली. असे सहा बाण करायचे होते, आणि सहाही सारखे. एक जड, एक हलका झाला तर नेम कशावर धरायचा? एखादं पारडं खाली गेलं की ती पितळी कड्यावर कानस चालवायची, थोडीशी, पुन्हा तराजू, पुन्हा थोडीशी. रोज दुपारी ती कानस घेऊन बसली की सासरा धोतर नीट करून बाहेर पडायचा आणि तासाभरानं उतरलेल्या चेहऱ्यानं परत यायचा. कुठं जातो हे तिला ठाऊक होतं. मुकादमाच्या घरी. धाकट्याची विचारपूस करायला. तो आत आला की ती मान वर करत नसे.

सातव्या दिवशी बाण तयार झाले. भाऱ्यापुढं नवऱ्यानं फळी टेकवली आणि तीस पावलांवर उभा राहिला. धनुष्यानं आवाज केलाच नाही. नेहमीची ती टणत्कारासारखी झिणझिण नाही, नुसतं एक खोल 'हुं'. बाण सरळ गेला. सरळ, पण खाली. फळीच्या पायथ्याशी मातीत रुतला. वीसवरून मारला, फळीच्या खालच्या कडेला लागला. बारा पावलांवरून मारला तेव्हा ठप्प झालं, आणि सून पाहायला गेली तर पातं, कडं, काळं लाकूड, सगळं फळीपलीकडं भाऱ्यात होतं.

"बारा," नवरा म्हणाला. तो हसत नव्हता.

"नेम वर धरला तर?"

"अंधुक उजेडात, चालत्या डुकरावर, वर म्हणजे किती वर? नाही गं. बारा."

सुनेनं फळीतलं भोक बोटानं चाचपलं. धाकट्यानं पंचवीसवरून मारला होता, तरी त्याला पळायला जमलं नव्हतं. तिनं बाणाला वजन दिलं होतं आणि नवऱ्याला सुळ्याजवळ नेऊन उभं केलं होतं.

"वजन थोडं काढते," ती म्हणाली. "कडं काढलं तर वीसवरून..."

"आणि ढालीवरून उडाला तर?" सासरा मागून बोलला. "जड बाण लांबून बोलत नाही, पोरी. त्याला जवळ जावंच लागतं. काढू नकोस."

त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. नवऱ्यानं दोरीला मेण लावलं, दोनदा.

नवव्या दिवशी पहाटे ते बांधावर गेले. मक्याचं शेत आणि झाडी यांच्या मधे दगडी कुंपणाची भिंत होती आणि तिच्यात एक खिंडार होतं. खाऊन झालं की डुक्कर उजाडताना याच वाटेनं परत जायचं. मुकादम भाला घेऊन आधीच येऊन बसला होता. सुनेला पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ही कशाला?"

"बाण तिचे... तिनं आणलेत," नवरा सावरून बोलला. "ती परत गेली तर बाणही जातील."

मुकादमानं भाला उचलून तिला वाट दिली. सून खिंडारापासून सहासात पावलांवर भिंतीवर चढून बसली, पाय पोटाशी घेऊन. नवरा खिंडारालगत, शेताच्या बाजूला, उलट्या टाकलेल्या हातगाडीमागं एका गुडघ्यावर बसला. वारा त्यांच्या तोंडावर येत होता, म्हणजे वास मागं जात होता. दगड गार होते. मक्याची पानं एकमेकांवर घासत होती आणि प्रत्येक घासण्यात तिला पावलं ऐकू येत होती.

मग खरी पावलं आली. मक्याच्या दोन ओळी बाजूला झाल्या आणि ते बाहेर आलं. तिनं ऐकलं होतं त्याहून ते लहान होतं आणि रुंद होतं. खांद्यावर चिखलाचे पापुद्रे. तोंडाला मक्याचा रस आणि केसर चिकटलेलं. वीस पावलांवर ते थांबलं. नाक वर केलं.

"सोड," मुकादम त्याच्यामागून पुटपुटला.

नवऱ्यानं दोरी ओढली नव्हती. डुक्कर पुढं आलं. अठरा. पंधरा. ते समोरून येत होतं, मान खाली, नुसती कवटी आणि सुळे. कवटीवर बाण चालत नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. बारावर ते आलं. नवऱ्यानं दोरी गालापर्यंत आणली आणि तशीच धरून ठेवली. त्याच्या कोपराला कापरं भरलं. सुनेला ते दिसत होतं. डुक्कर वळलं नाही तर तो किती वेळ धरणार? आणि वळलं नाही तर सरळ हातगाडीवरच येणार.

तिनं विचार केला असं म्हणता येणार नाही. हाताखाली सैल दगड होता तो तिनं भिंतीवर आपटला आणि उभी राहिली.

डुक्कर गर्रकन तिच्याकडं वळलं. त्याचे डोळे अगदी लहान होते. एवढंच तिला दिसलं, कारण पुढच्या क्षणी ते तिच्या रोखानं सुटलं होतं, कूस अख्खी नवऱ्याकडं. 'हुं' असा आवाज झाला, आणि ठप्प. बाण खांद्यावरच लागला, अगदी ढालीवर. पण या वेळी उडाला नाही. पिसं तेवढी बाहेर राहिली. तरी ते धावतच आलं, तिच्या पायाखालच्या भिंतीवर आदळलं, वरचे दोन दगड निसटले आणि त्यांच्याबरोबर तीही पलीकडं झाडीच्या बाजूला कोसळली.

नवरा खिंडारातून ओरडत आला. ती उठून बसली होती. कोपर सोललं होतं.

"लागलं का? कुठं लागलं? मूर्ख आहेस का? कुणी सांगितलं होतं तुला उभं राहायला?" त्यानं तिला धरलं आणि सोडलंच नाही.

भिंतीअलीकडं डुक्कर कुशीवर पडलं होतं. पाय झाडायचं थांबलं होतं. मुकादमानं भाल्यानं टोचून पाहिलं, मग वाकून दुसरी कूस चाचपली. पात्याचं टोक तिकडून बोटभर बाहेर आलं होतं. मागोमाग शेतांच्या राखणीला बसलेली गावातली माणसं पळत आली, त्यांनी वाकून वाकून पाहिलं. बाण ओढून काढायला दोघं लागले. काळं लाकूड कुठं तडकलं नव्हतं.

"म्हाताऱ्यानं केला हा?" मुकादमानं विचारलं.

"नाही," नवरा म्हणाला. त्याचा आवाज अजून जाग्यावर नव्हता. "हिनं केला. सगळे हिनंच केलेत."

मुकादमानं सुनेकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा त्याच्या कपाळावरची आठी मोडली. "मग म्हाताऱ्याला आता बाकावरून उठवाच. त्याच्या बाणानं माझा भाऊ लोळवला आणि तुझ्या बाणानं डुक्कर. पुढचे बाण तुझ्या हातचेच करून दे, बाई. म्हाताऱ्याला हात लावू देऊ नकोस."

माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी "खरंय" म्हणालं. काल-परवापर्यंत पायरीवर बाण फेकणारे ते. सुनेच्या कानशिलाला ऊब आली, आणि ती आनंदाची नव्हती. शिव्या गिळता आल्या असत्या. हे कौतुक घशाखाली उतरेना. तिनं मुकादमाच्या हातातून बाण घेतला, गवताला पुसला आणि चालायला लागली.

"अगं, घर इकडं आहे," नवरा म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं."

मुकादमाच्या घरी धाकटा बाहेरच्या खोलीत पलंगावर होता. पाय उशांवर, वर पांढरी पट्टी. त्याची आई पितळेचा तांब्या भरत होती. सुनेच्या हातातला बाण आणि कोपराचं रक्त पाहून ती थबकली.

"मारलं?" धाकट्यानं विचारलं.

"मारलं."

त्यानं हात पुढं केला. तिनं बाण दिला. त्यानं तो तळहातावर झेलून झेलून पाहिला आणि बराच वेळ काळ्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिला.

"हा तेव्हा का नव्हता?"

"तेव्हा मला करता येत नव्हता." ती उभीच होती. बसली असती तर बोलता आलं नसतं. "तुमच्या हातात होता तो बाण मामंजींचा नव्हता. माझा होता. काडी ओली होती, मी चुलीवर वाळवली. त्यांनी माझ्यावर येऊ दिलं नाही आणि मी गप्प बसले."

आईच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

धाकट्याची मान हळूहळू वर आली. "म्हातारा रोज येतो इथं. दारात बसतो. मी त्याला रोज शिव्या देतो. त्याच्या बापापासून सुरू करतो."

"हो."

"खाली मान घालून ऐकतो आणि वर माझा पाय कसा आहे ते विचारून जातो." त्याचा श्वास वाढला होता. "म्हणजे त्या सगळ्या तुझ्या होत्या?"

"माझ्या होत्या. द्या आता मला."

त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. आईकडं पाहिलं, मग छताकडं. कपाळावरची शीर तटतटली होती. शेवटी त्यानं बाण भिंतीवर फेकला. बाण फरशीवर पडून गडगडत पलंगाखाली गेला.

"सुचत नाही एकदम," तो दात खाऊन म्हणाला. "उद्या ये. उद्या देतो."

घरी सासरा फाटकातच उभा होता. नवऱ्यानं त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"कुठं गेली होतीस?"

"शिव्या खायला. त्या माझ्याच होत्या, मामंजी. सांगून आले."

सासऱ्यानं तिच्यासाठी फाटक उघडून धरलं. "मग? पोट भरलं का?"

"उद्या बोलावलंय."

"उपाशीपोटी जाऊ नकोस," तो म्हणाला. "त्याचं लवकर आटपत नाही."

दुसऱ्या दिवशी ती जेवून गेली. धाकटा वाट पाहत होता. त्यानं सुरुवात हळू केली, मग चढत गेला. ओली काडी, चूल, तिचं गप्प बसणं, सगळं त्यात आलं. त्याची आई मधेच स्वयंपाकघरात निघून गेली. सून उंबऱ्याशी बसली आणि एकूण एक शिवी तिनं ऐकून घेतली. तो थांबला तेव्हा त्याच्या गळ्याला घाम आला होता आणि डोळ्यांत पाणी.

"झालं?" तिनं विचारलं.

"आज इतकंच."

"डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलंय म्हणे. तुम्ही राहत नाही."

"कुणाच्या आधारानं राहू? आई म्हातारी, दादा शेतात."

सून उठली, पलंगाशी गेली आणि त्याच्या काखेखाली खांदा दिला. तो जड होता. पहिल्या पावलाला त्यानं आणखी एक शिवी हासडली, ती त्या दिवशीची सगळ्यांत मोठी. मग दुसरं पाऊल टाकलं.